सैंधवाचा लोलक आणि आमची आत्ये

आमच्या चुलीच्या वर एक फळी आहे आणि त्या फळीवर एक पत्र्याचा डबा. त्याला कुणी हात लावायचा नाही. शेजारच्या काशीची नवी सून परवा ताक मागायला आली, वर बघून म्हणाली, "काकी, देवाचं काही आहे का हो त्यात?" म्हटलं, देवाचं नव्हे गो, मीठ आहे. ती तोंडाला पदर लावून हसली. मिठाचा एवढा मान कशाला, असं तिला वाटलं असणार. तिला सांगायला बसले आणि चुलीवरचं दूध उतू गेलं. तेव्हा आता नीट सुरुवातीपासून सांगते.

डबा मास्तरांचा. मास्तर म्हणजे माझे यजमान, भिकाजी. घ्या, नाव घेतलं, आता उखाणा मागू नका. शाळेत ते शास्त्र शिकवतात, रत्नागिरीतली आमची सगळी मांडवी त्यांना मास्तर म्हणते, मीही तेच म्हणते. पण ही गोष्ट मास्तरांची नाही. ती त्यांच्या आत्येची आहे, सावित्रीआत्येची. ती जाऊन बरेच पावसाळे झाले, तरी सकाळी पेज उतरवताना तिची आठवण झाली नाही असा दिवस जात नाही.

आत्ये मूळची देवरूखच्या वरच्या अंगाची, डोंगरातल्या वाडीची. लहानपणीच लग्न झालं, नवरा मुंबईला गिरणीत गेला आणि प्लेगात तिकडेच वारला. ती भावाकडे आली. भाऊ तेव्हा इथे बंदरावर कारकून होता. पुढे भावजयही गेली आणि तान्हा भिकू आत्येच्या पदरात पडला. तेव्हापासून तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं कुणाला आठवत नाही. वाती वळायच्या, सूत काढायचं, रांधायचं, आणि सकाळपासून बोलायचं. समोर माणूस नसेल तर चुलीशी बोलायची, गाईशी बोलायची. पावसाला तर चक्क दम भरायची, "मेल्या, थांब जरा, माझी वाळवणं कुठे घालू?"

मी लग्न होऊन या घरी आले तेव्हा मला धड भात करता येत नव्हता. आमटीत कधी मीठ दोनदा पडायचं, कधी पडायचंच नाही. माझ्या आईने डोक्याला हात लावला असता. आत्ये मुकाट जेवायची आणि ताट धुताना म्हणायची, "छान झालं होतं गो." मास्तर पाण्याचे घोट घेत भात गिळायचे, पण आत्येच्या धाकाने तेही छानच म्हणायचे. ती असेपर्यंत माझ्या रांधपाला तिने कधी नाव ठेवलं नाही. एकदाच ठेवलं, तेच तर सांगायचं आहे.

मास्तर मुंबईला शिकले आणि तिथल्याच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला लागले. चांगलं चाललं होतं. मग मामंजी वारले, आत्ये इथे एकटी पडली, आणि मास्तर तिकडचं सगळं सोडून परत आले. कुणी सांगितलं नव्हतं. निघताना तिथल्या म्हाताऱ्या प्रोफेसरांनी यांच्या हातात एक वस्तू ठेवली. सैंधवाचा लोलक. झुंबराला काचेचे लोलक असतात ना, तसाच तीन बाजूंचा, पण सैंधव मिठाच्या एका अखंड खड्याचा घासून केलेला. काचेहून स्वच्छ. आमच्या लग्नात यांनी मला दागिना दाखवावा तसा तो दाखवला होता, आणि मी म्हटलं होतं, ह्याला नाकात घालू की कानात.

त्याचं काम काय ते मला जेवढं कळलं तेवढं सांगते. लोलकातून ऊन गेलं की त्याचे रंग सुटे होतात, हे कुणीही बघितलेलं असतं. तांबड्या रंगाच्या पलीकडेही काहीतरी असतं, डोळ्यांना न दिसणारं, नुसती ऊब. आणि त्याच्याही पुष्कळ पलीकडे तिन्हीसांजेला तापलेल्या कातळातून येते तसली मंद ऊब असते. काच ती मंद ऊब गिळून टाकते. सैंधव तिला जाऊ देतं. मास्तर माझ्या तव्यावर तांबड्या जांभ्या दगडाचा तुकडा तापवायचे, काळा दगड तापवायचे, मांडवीच्या किनाऱ्यावरची वाळू तापवायचे, आणि त्यांची ऊब लोलकातून पसरवून एका छोट्या डबीवर घ्यायचे. त्या डबीला ऊब लागली की तारांमधून वीज जायची, शाळेतून मागून आणलेल्या यंत्रातला इवलासा आरसा वळायचा आणि त्याच्यावरून भिंतीवर पडलेला उजेडाचा ठिपका सरकायचा. आत्येने त्या ठिपक्याचं नाव काजवा ठेवलं होतं. जांभ्याची ऊब एका जागी कमी पडायची, वाळूची दुसऱ्या जागी. दगड हातात न घेता दगडाची जात ओळखायची, असा तो सगळा खटाटोप.

"माझ्या तव्यावर दगड भाजतोय," आत्ये सगळ्यांना सांगायची. "उद्या ताटात वाढेल." पण तवा मात्र स्वतः घासून त्यांच्या हातात द्यायची.

मास्तरांचा डोळा खरा मंगळावर होता. मंगळ तांबडा आहे तो आपल्या कातळासारखा गंजक्या मातीने, की आणखी कशाने, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात घर करून बसला होता. लांबच्या देशांत मोठमोठ्या दुर्बिणी लावून मंगळाची ऊब मोजतात असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. चोवीस साली मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ आला, आणि आला कधी, तर ऐन श्रावणात. आमच्या रत्नागिरीत श्रावणात सूर्य दिसायची मारामार, मंगळ कुठला दिसतो. मास्तर रोज तिन्हीसांजा छत्री घेऊन दारापुढच्या खळ्यात उभे राहायचे. मी म्हटलं, त्याला एकदा आत बोलवा, चहा तरी घेईल.

मंगळाला आपली हत्यारं पुरायची नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी ठरवलं, आधी चंद्र. चंद्रावरचा उजेड सूर्याचा उसना आहे, पण तिथली जमीन उन्हाने तापून स्वतःची ऊब देत असणार. ती ऊब आमच्या खळ्यात पकडायची आणि काजवा हलवायचा. वजीर तांडेलाने एका मोडीत काढलेल्या आगबोटीवरचा मोठा खोलगट आरसा आणून दिला होता, तांब्याचा, वरून चांदीचा मुलामा दिलेला. वजीर राजिवड्याचा, मास्तरांच्या वयाचा, स्वतःचं गलबत हाकणारा. दोघांनी लहानपणी एकत्र बोरं चोरलेली. सव्वीस सालचा पावसाळा सरला की चंद्राचा प्रयोग करायचा, असं ठरलं होतं.

आता कोकणातला पावसाळा आणि मीठ यांचं किती सख्य असतं ते मी सांगायला नको. मडक्यातलं मीठसुद्धा पाझरून पाणी होतं. मिरगाला दोन दिवस नाही झाले तर लोलकाच्या अंगाला घाम सुटला. मास्तर घाबरले. त्यांनी तो फडक्यात गुंडाळला, डब्यात घातला आणि आत्येकडे दिला, कारण घरातली कोरडी जागा एकच, तिच्या चुलीवरची फळी. देताना म्हणाले, "आत्ये, सैंधव आहे हो. मुंबईचं. पाणी लागू देऊ नको, फार जप."

आत्येच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरत होता. तव्यावरचे दगड आणि भिंतीवरचा काजवा तिने पाहिला होता, पण लोलक कधी हातात घेतला नव्हता. भिकूच्या काचा म्हणून ती त्या सामानाच्या वाटेला जात नसे. तिला एवढंच कळलं की पोराने आपल्यासाठी मुंबईचं सैंधव आणलं आहे. उपासाला समुद्राचं मीठ चालत नाही, सैंधव लागतं, आणि आत्येचे उपास म्हणजे विचारू नका. पोराला आपल्या उपासांची आठवण राहिली, याने तिचं मन भरून आलं. एवढं चांगलं सैंधव असंतसं वापरायचं नाही म्हणून तिने ते चांगल्या दिवसासाठी राखून ठेवलं. हे सगळं आम्हाला मागाहून कळलं.

तो चांगला दिवस म्हणजे आषाढातली संकष्टी. बाहेर पाऊस कोसळत होता, मास्तरांनाही शाळेला सुट्टी होती. आत्येने वऱ्याचे तांदूळ केले, शेंगदाण्याची आमटी केली, आणि आम्हा दोघांना बोलावून वाढलं. मास्तर जेवता जेवता म्हणाले, "आत्ये, आज चव काही वेगळीच आहे." ती हरखली. म्हणाली, "लागणारच. तू आणलेलं सैंधव आहे. कसला खडा होता रे, नुसता बर्फासारखा. वाटताना हात धजत नव्हता."

मी हातातला घास तसाच धरून मास्तरांकडे बघितलं. ते उठले नाहीत, ओरडले नाहीत. वर फळीवरच्या डब्याकडे एकदा बघितलं, खाली ताटाकडे बघितलं. मग ताट पुढे केलं आणि म्हणाले, "आणखी वाढ जरा." आत्येने वाढलं. त्यांनी ते सगळं खाल्लं, ताटात शितही ठेवलं नाही.

ते गप्प बसले असते जन्मभर. माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "आत्येबाई, तो त्यांचा लोलक होता. चंद्र बघायचा." आणि बरं केलं बोलले. उद्या तिने कुठे आहेत रे तुझे लोलकबिलक म्हणून विचारलं असतं, तेव्हा काय सांगणार होते हे? आत्ये आधी हसली, मी थट्टा करते असं वाटून. मग तिने डब्यात हात घातला. तळाशी एक कोपरा उरला होता, बोटाच्या पेराएवढा. त्याची गुळगुळीत बाजू तिने अंगठ्याने चाचपली, पुन्हा चाचपली, आणि खाली बसली.

"भिकू, चंद्र उगवल्यावर मी जेवते," ती म्हणाली. "आणि त्या चंद्राचंच तुझं काम मी पाट्यावर वाटलं."

"आत्ये, अगो मिठाचा खडा तो. दुसरा मिळेल."

"कुठे मिळेल?"

तसला स्वच्छ खडा काही बाजारात मिळत नाही.

संध्याकाळी दिवा लावल्यावर आत्येने देवापुढे पाणी सोडलं आणि म्हणाली, भिकूचा काजवा चंद्राने हलेपर्यंत माझ्या तोंडात मीठ पडणार नाही, अळणी खाईन. मास्तरांनी हात जोडले, रागावले, समजावलं. म्हणाले, "अगो, तो लोलक असता तरी काजवा हलला असता याची खात्री मलाच नव्हती."

"मग खात्री कर," आत्ये म्हणाली आणि वाती वळायला बसली.

अळणी खाणं एक-दोन दिवस कुणालाही जमतं. पुढे ते अन्न तोंडात फिरतं, गिळवत नाही. श्रावण गेला. सगळ्यांना पुरणपोळ्या वाढून ही कोपऱ्यात बिनमिठाची पेज घेऊन बसायची. लोणच्याची बरणी उघडली की उठून ओटीवर जायची. गणपतीत घर भरलेलं होतं, वालाच्या उसळीचा वास सगळ्या घरात, आणि आत्ये चुलीसमोर घामाने निथळत सगळं रांधत होती, चव बघायला मात्र मला हाक मारायची. तिची पेज अर्ध्यावर आली, मग वाटीवर आली. हातांच्या नुसत्या काटक्या झाल्या. एकदा विहिरीवर घेरी येऊन बसली, वजीरची बायको हमिदा तिथून जात होती म्हणून बरं, तिने धरून घरी आणलं. वैद्य नाडी बघून मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाले, हिला अन्न जात नाही, असंच चाललं तर थंडी काढणं कठीण आहे.

मला तर असा राग आला होता, सगळ्यांचाच. आत्येचा, त्या चंद्राचा, त्या मुंबईच्या प्रोफेसराचा. रागाच्या भरात एकदा मी गुपचूप तिच्या पेजेत मिठाचे दोन कण टाकले. तिने वाटी तोंडाशी नेली, खाली ठेवली आणि म्हणाली, "ही गाईला घाल हो." गाईला घातली.

वजीरला सगळं ठाऊक झालं होतं. नारळी पौर्णिमेला दर्या शांत झाला तसा त्याने गलबत कराचीला काढलं होतं, तिकडून पंजाबातल्या खाणींचं मीठ जातं म्हणून. जाताना ओटीवर येऊन सांगून गेला, "आत्ये, खडा आणल्याशिवाय तोंड दाखवणार नाही." आत्ये म्हणाली, "तोंड दाखव, खड्याचं नंतर बघू. वारा बघून शीड लाव." त्याला तिने पोटच्या पोरासारखाच दम दिला.

तो आला दिवाळीच्या तोंडावर. तरटात गुंडाळलेला नारळाएवढा सैंधवाचा गोळा. निघताना म्हणे याच्या दुप्पट होता, समुद्राच्या हवेने वरचा भाग पाझरून गेला. शेवटी त्याने गोळा गलबतावरच्या चुलीशेजारी तांदळाच्या पेटीत पुरून ठेवला आणि खलाशांना ताकीद दिली की यातला एक कण जरी कालवणात पडला तर दर्यात टाकीन. वरचा गढूळ थर काढल्यावर आतून तसाच स्वच्छ खडा निघाला. मास्तरांनी तो दिव्यापुढे धरून सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला. मग वजीरला मिठी मारली. मी दोघांना चहा दिला, त्यात साखर घालायची विसरले, तरी दोघांनी तो पिऊन टाकला.

मीठ करवतीने कापत नाहीत, तडकतं. ओल्या दोऱ्याने कापतात. दोरा भिजवायचा, खड्यावरून पुढे-मागे ओढत राहायचं, तो विरघळवत विरघळवत आत उतरतो. हे मास्तरांना प्रयोगशाळेतलं ठाऊक होतं. दोरा आत्येचा, तिने वातींसाठी काढलेलं सूत. एका टोकाला मास्तर, एका टोकाला आत्ये, मधे परातीत तो खडा, आणि ताक घुसळायची रवी ओढावी तसं दोघांचं चाललेलं. मी म्हणायची, आत्येबाई, तुम्ही उठा, मी ओढते. ती ऐकते कसली. सगळी दिवाळी त्यातच गेली. तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या, त्यात खारं पाणी जाऊन आग व्हायची. दिवसभर हात मिठात, आणि जेवायला अळणी पेज. हात तोंडाजवळ न्यायच्या आधी ती ते दोन-दोनदा धुवायची, चुकून चव लागू नये म्हणून. मला ते बघवत नसे, मी विहिरीवर निघून जायची.

लोलक झाला. पहिल्याहून लहान आणि एका कोपऱ्यात जरा दुधाळ, पण मास्तर म्हणाले चालेल. तो त्याच डब्यात, त्याच फळीवर गेला. परातीत जे खारं पाणी आणि भुगा उरला होता तो आत्येने उन्हात वाळवला आणि एका वाटीत भरून झाकून ठेवला. टाकायचं नाही, एवढंच म्हणाली.

प्रयोगाला तुळशीच्या लग्नाची संध्याकाळ धरली. बारशीचा चंद्र दिवस मावळताच चांगला वर आलेला असतो, आणि कार्तिकात आभाळ धुतल्यासारखं. मंगळसुद्धा होता त्या दिवशी, चंद्राच्या खाली पूर्वेला, कातळासारखा तांबडा. खळ्यात एका अंगाला उसाचा मांडव आणि तुळस, दुसऱ्या अंगाला मास्तरांचा आरसा, लोलक आणि ती डबी. तारा खिडकीतून माजघरात नेलेल्या. तिथे अंधार करून काजवा भिंतीवर पाडलेला. शेजारीपाजारी आले, मंगलाष्टकं झाली, निरांजनं ओवाळली, कापूर पेटवला, आणि आत माजघरात तो काजवा पिसाळल्यासारखा भिंतभर पळायला लागला. एवढ्या दिव्यांची आणि माणसांची ऊब, तो बिचारा काय करणार. मास्तर हवालदिल. मी सगळ्यांच्या हातावर चिंचा-आवळे आणि पोहे ठेवले आणि चला आता, उशीर झाला, म्हणून वाटेला लावले. लोक म्हणाले असतील काय ही बाई.

तरी काजवा थांबेना. मांडवीच्या किनाऱ्यावरून वारा येत होता. मास्तर म्हणाले, वारा पडू दे. दर्यावरचा वारा थांबतो आणि डोंगराकडचा सुटतो, त्याच्या मधे थोडा वेळ पान हलत नाही, तेवढ्यात काय ते. आम्ही बसून राहिलो. आत्ये आत भिंतीला टेकून बसली होती, संध्याकाळी चार घास खाल्ले असतील नसतील. मला धीर निघेना. मी मास्तरांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "अहो, तिला दिसत नाही फारसं. यंत्राला जरा धक्का द्या ना. हलला म्हणून सांगा आणि मोकळं करा तिला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नव्हे. म्हणाले, "तिने माझ्यासाठी केलेलं सगळं खरं आहे. मी तिला खोटं कसं देऊ?"

पण मग त्यांनी युक्ती काढली. आत्येला त्यांनी भिंतीजवळ उभं केलं, काजव्याच्या अगदी कडेला तिचं बोट टेकवलं आणि सांगितलं, "हात हलवू नको. काजवा नखावर चढला तर सांग, उतरला तर सांग. स्वतःच्या नखावरचा उजेड दिसेल ना?" ती म्हणाली, "न दिसायला काय झालं." मला खळ्यात आरशापुढे पुठ्ठा धरून उभं केलं. मी पुठ्ठा काढला की चंद्र आरशात यायचा, धरला की जायचा. मला ताकीद दिली, "कधी काढतेस, कधी धरतेस, तोंडातून शब्द काढायचा नाही. तिलाच सांगू दे." माझ्या तोंडातून शब्द काढायचा नाही. काय पण काम दिलं.

वारा पडला. झावळ्या थांबल्या. आतून काही हाक आली नाही म्हणजे काजवा जागेवर होता. मी मनात आत्येचा गणपती आठवला आणि पुठ्ठा बाजूला केला.

काहीच नाही. मास्तर आरशाशी वाकलेले, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मला वाटलं, झालं, गेली ही म्हातारी. चंद्राने फसवलं आम्हाला.

आणि आतून आवाज आला. "भिकू. चढतोय रे. नखावर चढला."

मी पुठ्ठा पुन्हा धरला. थोड्या वेळाने आत्ये म्हणाली, "उतरला." पुन्हा काढला. "चढला. थोडाच, पण चढला." मास्तरांनी मला खूण केली, आणखी करायला सांगितलं. मी मुद्दाम जास्त वेळ धरून ठेवला, तिला चकवायला, ती काही बोलली नाही. काढला तशी म्हणाली, "हा आला." मग झावळ्या पुन्हा हलायला लागल्या आणि काजवा भरकटला. मास्तर खळ्यातच खाली बसले आणि दोन्ही तळव्यांनी त्यांनी तोंड झाकलं.

आत गेलो तर आत्ये अजून बोट भिंतीला लावून उभी. "ही चंद्राची ऊब का रे?" तिने विचारलं.

"चंद्रावरच्या जमिनीची," मास्तर म्हणाले. "उन्हाने तापलेली. तीच लोलकातून तांबड्याच्या पुष्कळ पलीकडे, डबी ठेवली त्या टोकाला पोचते, दुसरं काही नाही."

"म्हणजे तिथे जमीन आहे."

"आहे."

"कसली? तांबडी की काळी? मीठ आहे तिच्यात?"

"ते वाचायला याहून मोठा लोलक हवा, मोठा आरसा हवा. एवढ्याने नाही कळायचं."

"मग कर ना मोठा," आत्ये म्हणाली. "दोरा मी ओढेन."

मास्तरांनी वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मोठा लोलक पुढे झाला नाही, मंगळही राहिला. आता मोठमोठ्या दुर्बिणींवर ते काम करणारी माणसं आहेत, मास्तर वाचून मला सांगतात आणि मी ऐकते. त्यांना त्याचं दुःख नाही. माझ्या घरात चंद्र येऊन गेला, असं ते म्हणतात. मला विचाराल तर मी त्या चंद्राची ऋणी आहे, वजीरची आहे, त्या ओल्या दोऱ्याची आहे.

तर त्या रात्री मी चुलीवर पेज ठेवली. आत्येची झाकून ठेवलेली वाटी काढली, लोलक कापताना उरलेल्या मिठाची. त्यातली चिमूट पेजेत घातली, ढवळली, चव घेऊन बघितली आणि तिच्यापुढे ठेवली. मास्तर शेजारी बसले. आत्येने देवाचं नाव घेतलं, वाटी उचलली, एक घोट घेतला. बराच वेळ तो तोंडात धरला. मग गिळला.

"खारट झालीय गो," ती म्हणाली.

माझ्या रांधपाला कुणी बोट लावलं तर मी चार गोष्टी ऐकवल्याशिवाय राहत नाही, हे सगळ्या आळीला ठाऊक आहे. त्या दिवशी मी काही बोलले नाही. डोळे पुसले आणि तिच्या वाटीत आणखी थोडी पेज ओतली.